हुशार मुलांची चाळणी: एका शैक्षणिक धोरणाची पार्श्वभूमी

1882 या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. मार्चमध्ये फ्रान्सने प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा कायदा केला आणि ऑक्टोबरमध्ये जोतीराव फुले यांनी ब्रिटिश सरकारने भारतातील शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला आपले निवेदन सादर केले. बुद्धीने पुढे असलेल्या मुलांसाठी सरकारने वेगळी सोय करावी का, आणि केली तर ती बाकीच्या समाजाशी न्यायाने वागते का, या आजच्या वादाचे दोन्ही धागे मात्र त्या वर्षापर्यंत मागे नेता येतात.

फुले यांच्या निवेदनाचा गाभा पैशाचा होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आणि त्या वर्गांकडून खालच्यांपर्यंत काही पोहोचत नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. मूठभरांना उत्तम शिकवावे, म्हणजे विद्या त्यांच्याकडून आपोआप खाली झिरपेल, ही समजूत भारतातील शिक्षणाविषयी ब्रिटिश अधिकारी मेकॉले यांनी लिहिलेल्या 1835 च्या टिपणाच्या काळापासून राज्यकर्त्यांच्या अंगवळणी पडली होती. फुले यांनी तिला उत्तर दिले ते निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या मागणीने. त्यांच्यासमोरचा निवडलेला वर्ग जन्माने ठरलेला होता, परीक्षेने नव्हे, हा फरक मोठा आहे. पण काहींवर जास्त खर्च केला की त्याचा लाभ सर्वांना मिळतो, हा युक्तिवाद पुढे परीक्षेने निवडलेल्यांच्या बाबतीतही जसाच्या तसा वापरला गेला, आणि म्हणून फुले यांचा हिशेब कालबाह्य झालेला नाही.

फ्रान्समध्ये सक्तीमुळे वेगळीच अडचण उभी राहिली. शाळेत सगळीच मुले येऊ लागल्यावर काही मुले मागे पडतात, हे शिक्षकांना ठळकपणे दिसू लागले. अशा मुलांना ओळखून त्यांना वेगळी मदत कशी द्यावी, हे ठरवण्यासाठी 1904 मध्ये सरकारने एक आयोग नेमला. त्या कामातून आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी 1905 मध्ये तीस प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. बुद्धिमापनाची पहिली व्यवहार्य कसोटी ती हीच. तिचा हेतू लक्षात ठेवण्यासारखा आहे: कोणाला मदतीची गरज आहे हे शोधणे. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असे मानणाऱ्यांवर बिने यांनी पुढे कठोर टीका केली, पण 1911 मध्ये ते वारले आणि त्यांची कसोटी ज्या हातांत गेली त्या हातांना त्यांचा इशारा मान्य नव्हता.

ते हात अमेरिकेतले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुईस टर्मन यांनी 1916 मध्ये बिने यांच्या श्रेणीची सुधारित आवृत्ती काढली, तिला जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांच्या बुद्ध्यंकाची, म्हणजे बुद्धीची वयाशी तुलना करून काढलेल्या आकड्याची, जोड दिली आणि शोधाची दिशाच उलटी केली. मागे पडलेल्यांऐवजी सर्वांत पुढे असलेले कोण, हा त्यांचा प्रश्न होता. 1921 पासून त्यांनी कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार मुले निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचा प्रकल्प सुरू केला. निवडीची पद्धत अशी होती की वर्गातील सर्वांत हुशार मुलांची नावे आधी शिक्षकांनी सुचवायची, मग त्यांचीच चाचणी व्हायची. शिक्षकांचा अंदाज किती चुकतो हे खुद्द टर्मन यांना जाणवले होते. हुशार मूल हवे असेल तर शिक्षकाला विचारण्यापेक्षा हजेरीपटावर सर्वांत लहान वयाचे मूल पाहावे, अशा अर्थाचे त्यांचे एक निरीक्षण आहे. तरीही निवडलेल्यांत मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबांतील मुलेच प्रामुख्याने आली. विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्व्हारेझ या दोन मुलांचीही चाचणी झाली होती आणि दोघेही या चाळणीतून गळाले. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, निवडलेल्या दीड हजारांपैकी मात्र एकालाही नाही. हा किस्सा सांगताना अनेकजण चाचणीची टर उडवतात, पण ते तितकेसे योग्य नाही, कारण कुठलीही कसोटी काहींना गाळणारच. अधिक गंभीर बाब ही की टर्मन सुप्रजननवादाचे, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाचीच संतती वाढावी या विचाराचे, पुरस्कर्ते होते आणि वंशावंशांत बुद्धीचा उपजत फरक असतो असे मानत होते. प्रज्ञावंतांच्या शिक्षणाची पहिली शास्त्रीय मांडणी अशा भूमीतून आली, आणि तो डाग या क्षेत्राला बरीच वर्षे चिकटून राहिला.

ही कल्पना एका देशाच्या संपूर्ण शाळाव्यवस्थेचा पाया कशी होऊ शकते, हे इंग्लंडने दाखवले. 1944 च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केले. ही त्या कायद्याची खरी थोरवी. पण त्याच्या अंमलबजावणीत मुलांची मने तीन प्रकारची असतात या आदल्या वर्षीच्या नॉरवुड अहवालातील समजुतीला धरून ग्रामर (पुस्तकी अभ्यासात पुढे असलेल्यांसाठी), तांत्रिक आणि मॉडर्न (बाकीच्यांसाठी) अशा तीन प्रकारच्या शाळांची रचना उभी राहिली. कोणी कुठे जायचे हे अकराव्या वर्षाच्या आसपास होणारी ‘इलेव्हन-प्लस’ परीक्षा ठरवत असे. तांत्रिक शाळा फारशा निघाल्याच नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात दोनच कप्पे उरले: साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकी मुले ग्रामर शाळेत, बाकीची मॉडर्न शाळेत. तिन्ही शाळांना समान मान मिळेल असे सांगितले गेले होते, पण ज्या घरात निकालाचे पाकीट उघडले जाई त्या घराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.

या परीक्षेच्या इतिहासातला एक तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. अकराव्या वर्षी मुली मुलांपेक्षा सरासरीने जास्त गुण मिळवत. गुणांनुसारच प्रवेश दिले असते तर ग्रामर शाळांत मुलींची संख्या जास्त झाली असती. म्हणून अनेक स्थानिक प्रशासनांनी मुलींसाठी आणि मुलांसाठी गुणांची वेगळी रेषा ठेवली. शिवाय एखाद्या भागात ग्रामर शाळांच्या जागा किती आहेत यावरही मुलाचे नशीब ठरे, आणि वेल्समध्ये त्या इंग्लंडपेक्षा कितीतरी जास्त होत्या. म्हणजे एकच गुण मिळवलेले मूल एका ठिकाणी ‘हुशार’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सामान्य’ ठरत होते. मुलींवरील अन्यायाचा प्रश्न बर्मिंगहॅमच्या प्रकरणात न्यायालयापर्यंत पोहोचला आणि 1989 मध्ये तेव्हाचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मुलींना कमी जागा देणे हा भेदभाव असल्याचे म्हटले.

1958 मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी ‘मेरिटॉक्रसी’ (गुणवंतांचे राज्य) हा शब्द रूढ केला तो उपहास म्हणून. ‘बुद्धी + प्रयत्न’ या सूत्राने माणसांची प्रतवारी लावणारा समाज शेवटी नव्या उच्चकुलीनांचा समाज होतो आणि वर पोहोचलेल्यांना आपले स्थान आपण कमावले असे वाटू लागते, हे त्यांना दाखवायचे होते. राजकारण्यांनी तोच शब्द ध्येय म्हणून उचलला, यावर त्यांनी म्हातारपणी जाहीर नाराजीही व्यक्त केली. 1965 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने परिपत्रक काढून स्थानिक प्रशासनांना सर्वांसाठी एकच शाळा या पद्धतीकडे वळण्यास सांगितले. तरीही इंग्लंडमध्ये 163 ग्रामर शाळा उरल्या आहेत आणि त्यांच्या प्रवेशासाठी खासगी शिकवण्यांचा बाजार जोरात चालतो.

अमेरिकेत याच काळात न्यायाच्या आणि राष्ट्रहिताच्या अशा दोन लाटा एकमेकींवर आदळल्या. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णावर आधारित वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तर 4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्यानंतर वर्षभरातच राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला आणि त्यात विज्ञान, गणित व परकीय भाषांबरोबरच हुशार मुले शोधण्यासाठी शाळांत चाचण्या घेण्याकरिताही निधी ठेवण्यात आला. कायद्याच्या नावातच संरक्षण आहे हे विसरता कामा नये. मुलाच्या गरजेपेक्षा देशाची गरज आधी आली होती. दुसरीकडे वर्णभेद कायद्याने संपल्यावर तो शाळेच्या आत, तुकड्यांच्या रूपाने परत येऊ लागला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या एकत्रीकरणानंतर दोन वर्षांतच क्षमतेनुसार वेगळे मार्ग सुरू झाले. 1967 मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी हॉब्सन विरुद्ध हॅन्सन या खटल्यात ही पद्धत रद्द केली. ज्या चाचण्यांवर मुलांची वाटणी होत होती त्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर प्रमाणित केलेल्या होत्या, त्यामुळे गरीब कृष्णवर्णीय मुलांची कुवत त्या मोजूच शकत नव्हत्या, हे त्या निकालाचे एक महत्त्वाचे कारण होते.

अमेरिकी सरकारच्या 1972 च्या मार्लंड अहवालाने प्रज्ञेची व्याख्या रुंद केली आणि बौद्धिक क्षमतेबरोबर सर्जनशीलता, नेतृत्व व कलांनाही तीत स्थान दिले. त्यानंतर 1978 मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी सरासरीहून जास्त क्षमता, सर्जनशीलता आणि कामावरील निष्ठा या तिन्हींच्या संगमाला प्रज्ञा म्हटले. व्याख्या उदार झाली, पण व्यवहारात बुद्ध्यंकाची रेषा बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली. 1975 च्या कायद्याने अपंग मुलांना योग्य शिक्षणाचा हक्क मिळाला, तसा कोणताही संघीय हक्क प्रज्ञावान मुलांना मिळाला नाही. त्यामुळे कोणत्या राज्यात, कोणत्या जिल्ह्यात राहतो यावर सगळे अवलंबून राहिले.

समतेची घोषणा देणारे देशही निवडीपासून अलिप्त राहिले नाहीत. सोव्हिएत संघाने 1936 मध्ये बुद्धिमापनाच्या चाचण्यांवर बंदी घातली, पण 1963 मध्ये गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांच्या पुढाकाराने मॉस्कोत आणि त्याच सुमारास नोव्होसिबिर्स्कमध्ये भौतिकशास्त्र-गणिताच्या निवासी शाळा निघाल्या. त्या मुख्यतः मोठ्या शहरांबाहेरच्या मुलांसाठी होत्या, आणि निवड वाईटच असते असे म्हणणाऱ्यांनी हा तपशील विचारात घेण्यासारखा आहे. फिनलंडने उलट वाट धरली. तिथे चौथीनंतर मुलांची विभागणी होत असे. ती मोडून 1972 ते 1977 या काळात उत्तरेकडून दक्षिणेकडे टप्प्याटप्प्याने नऊ वर्षांची समान शाळा आणली गेली आणि 1985 मध्ये गणित व परकीय भाषांतील स्तरनिहाय गटही बंद झाले. सिंगापूरने 1984 मध्ये सुरू केलेला प्रज्ञावंतांचा कार्यक्रम नवव्या वर्षी मुले निवडत असे, सुरुवातीला पाव टक्का आणि पुढे सुमारे एक टक्का. ऑगस्ट 2024 मध्ये तेथील पंतप्रधानांनी तो त्या स्वरूपात थांबवण्याचे आणि प्रत्येक प्राथमिक शाळेत अशा मुलांसाठी सोय करण्याचे जाहीर केले.

भारतात कोठारी आयोगाने (1964–66) समान शाळाव्यवस्थेची शिफारस केली, तर त्याच सुमारास, 1963 मध्ये, विज्ञान प्रज्ञाशोधाची शिष्यवृत्ती परीक्षा दिल्लीत सुरू झाली होती. 1986 च्या राष्ट्रीय धोरणात ही दुविधा एकाच दस्तऐवजात दिसते. त्यात ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी मोफत निवासी नवोदय विद्यालये आहेत आणि त्याच कागदावर प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळावेत यासाठी खडू-फळा मोहीमही आहे. ज्या देशात असंख्य शाळांना दुसरी खोली नव्हती तिथे एका मुलाच्या निवासाचा खर्च सरकारने उचलावा का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्त होता. मात्र नवोदयच्या जागांपैकी किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी राखून ठेवल्यामुळे ही चाळणी इंग्लंडच्या चाळणीपेक्षा निराळी ठरली. इथे दाराची रुंदी आधी ठरवली गेली, गुणवत्तेची रेषा नंतर. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलांची छाननी करण्यास मनाई केली, तरी नवोदयची निवड परीक्षा चालूच राहिली. 2020 च्या धोरणात विशेष शाळांपेक्षा शाळेतल्याच विद्यार्थ्यांच्या विषयवार मंडळांवर (क्लब) आणि प्रादेशिक भाषांतील स्पर्धांवर भर आहे.

या सगळ्या वादात मते भरपूर आणि पुरावा तुटपुंजा, अशी स्थिती दीर्घकाळ होती. ती थोडी बदलली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ब्रॉवर्ड काउंटी या जिल्ह्यामुळे. तेथील निम्म्याहून अधिक विद्यार्थी कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक होते, पण तिसरीतील प्रज्ञावान ठरलेल्यांत त्यांचा वाटा 28 टक्केच होता. बुद्ध्यंकाची रेषा गरीब आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी 130 ऐवजी 116 अशी आधीच खाली आणलेली होती, तरी हे चित्र बदलत नव्हते, कारण चाचणीला कोणाला पाठवायचे हे पालक आणि शिक्षक ठरवत. 2005 मध्ये जिल्ह्याने दुसरीतील प्रत्येक मुलाची एक प्राथमिक, शब्दांविना चाचणी घेण्यास सुरुवात केली. पात्रतेचे निकष बदलले नाहीत, तरीही गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचे प्रमाण झपाट्याने वाढले. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलिआनो यांनी या नोंदींचा अभ्यास केला तेव्हा मुलींनाही पूर्वी कमी सुचवले जात होते हे पुढे आले. त्यांच्या आणखी एका निष्कर्षाने दोन्ही बाजूंना विचारात पाडले. शाळेत एक जरी प्रज्ञावान मूल सापडले तरी त्याच्यासाठी वेगळा वर्ग उघडावा लागे आणि उरलेल्या जागा अभ्यासात पुढे असलेल्या इतर मुलांनी भरल्या जात. त्या वर्गाचा खरा फायदा बुद्ध्यंकावर निवडलेल्यांपेक्षा या रिकाम्या जागांवर बसलेल्या गरीब आणि अल्पसंख्याक मुलांना झाला, आणि वर्गाबाहेर राहिलेल्यांचे त्यामुळे नुकसान झाल्याचे आढळले नाही.

काही वर्षांत मंदी आली, जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली आणि सरसकट चाचणीचा उपक्रम थांबला. निवड पुन्हा पालकांच्या आणि शिक्षकांच्या शिफारशीवर आली, आणि वाढलेले प्रमाण पुन्हा घसरले.