मुरलेलं सागवान हलत नाही?

सोलापुरात घराचं काम निघालं की हमखास ऐकू येतं, "सागवान जुनं, मुरलेलं आहे, आता हलायचं नाही." मुरलेलं लाकूड पिळतं कमी, एवढंच खरं. हवेतला ओलावा ते कायम घेत-सोडत राहतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार, हवा खडखडीत कोरडी, ऑगस्टमध्ये दमट. तेवढ्यात अडीच फूट रुंद सागवानी टेबलाचा फळा रुंदीत 4-5 मिलिमीटर सहज कमी-जास्त होतो. लांबीत जवळजवळ नाहीच.

फळा चौकटीला चारी बाजूंनी गोंद-स्क्रूने जखडला, की उन्हाळ्यात आकसायला वाव उरत नाही आणि तो रेषेरेषेने चिरतो. मग लाकडाला नावं ठेवतात! दोष जोडणीचा असतो. मधला स्क्रू पक्का ठेवा. कडेच्या स्क्रूंसाठी चौकटीत रुंदीच्या दिशेने 10 मिलिमीटरची लांबट भोकं पाडा, वॉशर घाला. गोंद अजिबात नको.

दरवाजाचं पॅनेलही खाचेत सुटंच हवं. मे महिन्यात बसवताना दोन्ही कडांना 2-3 मिलिमीटर मोकळे सोडा. पावसाळ्यात लाकूड आधीच फुगलेलं असतं, तेव्हा कमी चालतं. पॉलिश खालच्या अंगालाही करा. त्याने ओलावा थांबत नाही, पण दोन्हीकडून सारखा शिरतो, म्हणून फळा वाकत नाही.