खपली, पोळीचा गहू आणि गप्प बसवलेली जनुकं

मध्यंतरी भावाकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात खपली गव्हाचं पाकीट होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं की हा मूळ गहू आहे, याचा संकर कधीच झालेला नाही. वहिनी म्हणाली, "बाजारातला सगळा गहू हायब्रिड असतो ना, म्हणून आता हाच आणतो." खपलीची खीर मला लहानपणापासून आवडते, त्यामुळे तिने खपली आणायची थांबवावी असं मी म्हणणार नाही. पण पाकिटावरचं ते वाक्य साफ चुकीचं आहे. ते का चुकीचं आहे हे सांगायला बसलो, की गव्हातल्या ज्या गोष्टीने मला कित्येक वर्षं झपाटलं आहे, ती आपोआप समोर येते.

खपली हाच मुळात एक संकर आहे. पश्चिम आशियात काही लाख वर्षांपूर्वी एक रानगहू आणि एजिलॉप्स कुळातलं एक रानगवत यांचा निसर्गात संयोग झाला. दोघांकडे गुणसूत्रांच्या सात-सात जोड्या होत्या. संततीत दोन्ही संच दुप्पट होऊन टिकले, म्हणजे चौदा जोड्या झाल्या. या रानटी वंशातूनच माणसाने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी खपलीचे पूर्वज शेतात आणले. पुढे कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडच्या भागात अशाच चौदा जोड्यांच्या गव्हाशी एजिलॉप्सच्याच दुसऱ्या जातीचं परागीभवन झालं, आणखी सात जोड्यांची भर पडली आणि आपला पोळीचा गहू जन्मला. एकूण एकवीस जोड्या, 42 गुणसूत्रं. या तीन संचांना शास्त्रज्ञ ए, बी आणि डी म्हणतात. खपलीत ए आणि बी आहेत, पोळीच्या गव्हात तिन्ही. खपली दोन घराण्यांची, पोळीचा गहू तीन घराण्यांचा.

बाजारातला गहू 'हायब्रिड' असतो हेही खरं नाही. संकरित ज्वारीचं किंवा कपाशीचं बी दरवर्षी नवं घ्यावं लागतं, तसं लोकवनसारख्या वाणांचं नसतं. शेतकरी घरचंच बी ठेवून पुन्हा पेरतात. खपलीत ग्लूटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन, नसतं असंही हल्ली सांगितलं जातं. ते असतं. सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याचा, आजार असणाऱ्यांनी अशा जाहिरातींवर विसंबून खपली खाणं धोक्याचं आहे.

आता मूळ मुद्दा. तीन घराणी पेशीच्या एकाच केंद्रकात नांदतात, म्हणजे बहुतेक जनुकांच्या तीन-तीन प्रती झाल्या. मग तिन्ही प्रती सारख्याच वापरल्या जातात का? 2018 मध्ये पोळीच्या गव्हाचा जनुकसंच सविस्तर वाचून झाला. डीएनएच्या 16 अब्ज अक्षरांचा, माणसाच्या पाचपट मोठा. त्याच वर्षी मुळं, पानं, दाणे अशा निरनिराळ्या भागांचे आणि निरनिराळ्या परिस्थितींतले 850 नमुने घेऊन कोणती प्रत किती वापरली जाते तेही मोजलं गेलं. प्रतींच्या त्रिकुटांपैकी सुमारे 70 टक्के त्रिकुटांत तिघींचा वाटा साधारण सारखा निघाला. उरलेल्या 30 टक्क्यांत तोल ढळलेला होता. एकच प्रत वरचढ असण्यापेक्षा एखादी प्रत दबलेली असण्याचं प्रमाण जास्त होतं. संकर म्हणजे दोन रंग कालवून झालेला तिसरा रंग, हे शाळेपासून मनात बसलेलं चित्र इथे मोडतं.

हे दबणं कसं असतं, ते एका जुन्या प्रयोगात इतकं स्वच्छ दिसतं की मी तो भेटेल त्याला सांगतो.

कॅनडात 'कॅन्थॅच' नावाचा पोळीच्या गव्हाचा वाण होता. खोडावरच्या तांबेऱ्याच्या अनेक प्रकारांना तो बळी पडे. तांबेरा ही बुरशी. ती लागली की खोडावर विटकरी पुळ्या फुटतात आणि दाणा पोचट राहतो. विनिपेगला काम करणारे कर्बर यांनी या वाणातून डीचा अख्खा संच काढून टाकायचं ठरवलं. कॅन्थॅचचा चौदा जोड्यांच्या गव्हाशी संकर केला, संततीचा पुन्हा पुन्हा कॅन्थॅचशीच संकर करत गेले आणि शेवटी 28 गुणसूत्रांची झाडं वेचली. हाती आला तो डीवाचूनचा कॅन्थॅच. 1964 मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

या झाडांवर तांबेऱ्याचे बीजाणू टाकले, तर ज्या प्रकारांपुढे कॅन्थॅच हात टेकत होता त्यांतल्या काहींना ही झाडं दाद देईनात. संच काढून घेतला आणि झाड जास्त बळकट झालं! म्हणजे प्रतिकाराची जनुकं ए किंवा बीमध्ये आधीपासूनच होती, पण डी शेजारी असताना ती गप्प होती. मग डीमधलं एकेक गुणसूत्र नसलेली झाडं तपासली. एकवीस जोड्यांतली एक नसली तरी गहू जगतो, कारण तिचं काम बाकीची दोन घराणी सांभाळून घेतात. डीची सातवी जोडी नसेल तेव्हाच प्रतिकार उघडा पडला. 1980 मध्ये कर्बर आणि ग्रीन यांनी गप्प बसवणारी जागा त्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर दाखवली.

तिथे नेमकं काय आहे, हे कळायला 2020 उजाडलं. इथे जरा सावकाश जाऊ या. जनुक म्हणजे प्रथिन बनवण्याची कृती. ती वाचून तिची आरएनए-नक्कल काढणारं यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज. कोणती कृती कधी वाचायची हे ठरवणारी चालक प्रथिनं जनुकाच्या आसपास डीएनएवर बसतात. पण चालक आणि यंत्र यांची थेट गाठ सहसा पडत नाही. मध्ये पंचवीस-तीस प्रथिनांचा एक जुडगा असतो, त्याला मीडिएटर म्हणतात. यीस्टमध्ये तो रॉजर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत सापडला. 2006 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं ते जनुकांची नक्कल कशी निघते हे उलगडल्याबद्दल. या जुडग्याच्या शेपटीकडचा भाग चालकांना धरतो, डोक्याकडचा भाग यंत्राला. शेपटीतल्या एका प्रथिनाचं नाव मेड 15. कॅन्थॅचमध्ये सातव्या जोडीवर बसून प्रतिकार दाबणारं जनुक निघालं ते याच मेड 15 च्या एका रूपाचं. रसायनाने उत्परिवर्तन घडवून ते मोडलं, की अख्खं गुणसूत्र न काढताही प्रतिकार परत आला.

डीवरचं जनुक परक्या घराण्यातल्या जनुकांवर हुकमत कशी गाजवतं? जनुकालगतच्या डीएनएत झालेला बदल त्याच गुणसूत्रापुरता राहतो. प्रथिनाचं तसं नसतं. ते सुटं असतं, पेशीद्रवात तयार होतं, केंद्रकात परत येतं आणि तिथे ए, बी, डी सगळ्यांच्या दारांशी पोचतं. मूळ रानगवतात हे मेड 15 स्वतःच्याच घरातली जनुकं सांभाळत होतं. संकरानंतर त्याच्या हाताशी आणखी दोन घरं आली.

दाबण्याची वाट दर वेळी हीच असते असं मात्र नाही. राय या गव्हाच्या नातेवाईक धान्यातून भुरी रोगाविरुद्धचं पीएम 8 हे जनुक गव्हात आणलं गेलं. काही वाणांत ते काम करतं, काहींत करत नाही. गव्हातलं पीएम 3 हे त्याचं सख्ख्या नात्यातलं जनुक. जिथे ते असतं तिथे पीएम 8 नीट वाचलं जातं, प्रथिनही बनतं, पण पीएम 3 चं प्रथिन त्याला जाऊन चिकटतं आणि ते निकामी होतं. एकाच पूर्वजापासून आलेली ही दोन प्रथिनं लाखो वर्षं वेगवेगळ्या वनस्पतींत राहिली, आणि एकत्र आल्यावर एकमेकांत अडकली.

खपलीला या सगळ्यात मानाची जागा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटाचे स्टॅकमन आणि लेव्हाइन यांनी 1922 मध्ये तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला. त्यातल्या एकाचं नाव 'खपली' आहे, आपल्याच शब्दात. पुढे ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा पोळीच्या गव्हाशी संकर केला. एसआर 13 आणि एसआर 14 ही तांबेऱ्याविरुद्धची जनुकं खपलीतून अशी पोळीच्या गव्हात गेली. 1998 मध्ये युगांडात आढळलेल्या आणि पुढे 'युजी 99' म्हणून धडकी भरवणाऱ्या तांबेऱ्यालाही एसआर 13 अडवतं.

पण खपलीसारख्या चौदा जोड्यांच्या गव्हाचा प्रतिकार एकवीस जोड्यांच्या गव्हात उतरवला, की तो बऱ्याचदा फिका पडतो. गव्हाचे नवे वाण तयार करणाऱ्या ज्यांना हे दरवर्षी करून पाहायचं असतं, त्यांच्यासाठी वरची कहाणी रोजच्या कामाची आहे. आजकाल रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन हवं ते जनुक आलं की नाही हे डीएनए चाचणीने लगेच कळतं. तरीही महाबळेश्वरसारख्या तांबेऱ्यावर काम करणाऱ्या केंद्रांचं महत्त्व कमी होत नाही. जनुक आलं आहे एवढंच चाचणी सांगते. ते बोलतं आहे का, हे पाहायला रोपांवर खरोखरचे बीजाणू टाकावे लागतात, सुमारे दोन आठवडे थांबावं लागतं आणि मग एकेक पान उलटून पुळ्या पाहत शून्य ते चार अशी खूण करावी लागते. ही मोजपट्टीही स्टॅकमन यांच्याच काळातली.