लिव्हरच्या पेशीला शेजार लागतो

माणसाच्या लिव्हरचा अर्ध्याहून जास्त भाग कापून दुसऱ्याला दिला तरी उरलेला तुकडा काही महिन्यांत वाढून जवळपास पहिल्याएवढा होतो. आपल्याकडे बापाला पोरगा नाहीतर नवऱ्याला बायको लिव्हर देते ती याच जोरावर. पण तीच पेशी, हेपॅटोसाइट म्हणतात तिला, बाहेर काढून काचेच्या डिशमध्ये ठेवा, हवं ते खाणंपिणं द्या, तरी थोड्याच दिवसांत ती ढेपाळते, प्रोटीन बनवणं कमी होतं, औषधं तोडणं जवळपास थांबतं आणि मग मरूनच जाते. शरीरात एवढी दणकट असलेली पेशी बाहेर आल्यावर अशी का गळपटते, या प्रश्नामागे एमआयटीतल्या इंजिनिअर-डॉक्टर संगीता भाटियांच्या करिअरची तीसेक वर्षं गेलीत.

भाटिया म्हणजे भारतातून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांची मुलगी, बॉस्टनजवळ वाढलेली. दहावीत असताना वडील त्यांना एमआयटीच्या एका लॅबमध्ये घेऊन गेले, तिथे अल्ट्रासाऊंडने कॅन्सरवर उपचार करायचं मशीन बघितलं आणि इंजिनिअर माणूस दवाखान्यातही कामाचा असतो हे डोक्यात बसलं. 1990 मध्ये ब्राऊन युनिव्हर्सिटीतून ग्रॅज्युएट झाल्या, पुढे हार्वर्ड-एमआयटीच्या एमडी-पीएचडी कोर्सला (डॉक्टरकी आणि संशोधन दोन्ही एकत्र) अर्ज केला तर पहिल्यांदा चक्क नाही म्हणाले. मग मेकॅनिकलमध्ये मास्टर्सला शिरल्या आणि तिथून त्याच कोर्समध्ये गेल्या. 1997 ला पीएचडी, 1999 ला एमडी. पोरांना पहिल्या नकारालाच आयुष्य संपल्यासारखं वाटतं म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

पीएचडीला त्यांनी जे केलं ते मला अजूनही भारी वाटतं. कॉम्प्युटर चिप बनवताना काचेवर किंवा सिलिकॉनवर प्रकाशाच्या मदतीने बारीक नक्षी काढतात ना, तेच तंत्र त्यांनी लिव्हरला लावलं. आपण रांगोळीचा छापा ठेवून फक्त भोकांतून रंग पाडतो तसं काचेवर फक्त ठरावीक गोलांतच कोलॅजेन (पेशींना धरून ठेवणारं प्रोटीन) उरेल असं करायचं, वरून लिव्हरच्या पेशी सोडायच्या, त्या कोलॅजेनवरच चिकटतात, बाकीच्या धुऊन टाकायच्या, आणि मग उरलेल्या मोकळ्या जागेत फायब्रोब्लास्ट नावाच्या वेगळ्या पेशी भरायच्या. असं केलं की तीच ढेपाळणारी पेशी आठवडेच्या आठवडे काम करते. आणि गोल केवढा हवा याला पण महत्त्व आहे बरं का, पुढे माणसाच्या पेशींवर करून बघितलं तेव्हा साधारण अर्धा मिलिमीटरचं बेट, म्हणजे लिव्हरच्या पेशींचा गोल, चांगलं चाललं. म्हणजे खाणंपिणं तेच, पेशी त्याच, फक्त कोण कोणाच्या शेजारी बसलंय ते बदललं. डॉक्टर किंवा बायोलॉजिस्टला हे सुचलं नसतं असं नाही, पण अर्ध्या मिलिमीटरचे शेकडो गोल हुबेहूब सारखे काढणं हे इंजिनिअरचंच काम.

याचा उपयोग काय? सगळ्यात आधी औषधं तपासायला. 1993 मध्ये अमेरिकेत हिपॅटायटिस बी वरच्या फियालुरिडीन नावाच्या औषधाची ट्रायल चालू होती, 15 पेशंट होते. प्राण्यांमध्ये औषध ठीक वाटलं होतं, पण माणसांत 7 जणांचं लिव्हर फेल झालं, 5 जण गेले आणि 2 जण लिव्हर ट्रान्सप्लांट झालं म्हणून वाचले. उंदराचं लिव्हर म्हणजे माणसाचं लिव्हर नाही, एवढं साधं कारण. मग माणसाच्याच पेशी डिशमध्ये टिकवता आल्या तर असं काहीतरी आधी कळायची शक्यता तरी राहते.

दुसरा उपयोग मलेरियाला, आणि तो आपल्या जास्त जवळचा आहे. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी लिव्हरमध्ये झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठून परत ताप आणतो, म्हणून तर ताप उतरल्यावरही प्रायमाक्वीन 14 दिवस घ्यायला सांगतात (आणि लोक चौथ्या दिवशी सोडतात, ते वेगळंच). हा झोपलेला परजीवी लॅबमध्ये बघायला मिळणंच अवघड होतं, भाटियांच्या टीमने 2013 मध्ये त्या बेटांवरच्या पेशींत तो वाढवून दाखवला.

आता खरी रिजनरेटिव्ह गोष्ट, म्हणजे शरीरात घालता येईल असा लिव्हरचा तुकडा. इथे अडचण रक्ताची. केसाच्या जाडीच्या एक-दोन पट अंतरात रक्तवाहिनी नसेल तर आतल्या पेशी ऑक्सिजनविना मरतात, म्हणून जाड तुकडा बनवला की आतून सडणार हे ठरलेलं. 2012 मध्ये जॉर्डन मिलर आणि क्रिस्तोफर चेन हे बायोइंजिनिअर आणि भाटिया यांनी यावर साखर वापरली, खरीखुरी, म्हणजे साखर, ग्लुकोज आणि डेक्स्ट्रॅन (ग्लुकोजच्याच लांब साखळ्या) यांचा घट्ट पाक थ्री-डी प्रिंटरने जाळीसारखा छापला, भोवती पेशी मिसळलेली जेल ओतली, आणि साखर विरघळून गेली की मागे पोकळ नळ्या उरल्या ज्यातून रक्त वाहू शकतं. 2017 मध्ये भाटियांच्या टीमने याच्या उलट केलं, सगळं आपण बनवायचंच कशाला म्हणून छोटंसं बी बनवलं, लिव्हरच्या पेशी, फायब्रोब्लास्ट आणि रक्तवाहिनीच्या पेशी नीट रांगेत मांडून, आणि लिव्हर बिघडलेल्या उंदरात घातलं. शरीराकडून वाढायचा सिग्नल आला आणि ते 50 पट वाढलं, आत रक्तसुद्धा खेळायला लागलं.

पण हे उंदरात बरं का. कोणी जाहिरात करून सांगत असेल की स्टेम सेलचं (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा पेशींचं) इंजेक्शन घ्या, लिव्हर, गुडघा, डायबिटीस सगळं नवीन होईल, तर पाकीट खिशातच ठेवा. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या गाईडलाईन्समध्ये रक्ताच्या आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं तर बाकी स्टेम सेल उपचार फक्त ट्रायलमध्येच करायला परवानगी आहे.

या लाईनमध्ये जायचं म्हणणाऱ्या पोरांनी बायो आणि मॅथ्स दोन्ही धरून ठेवावं असं माझं मत, आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग असं एकत्र डिपार्टमेंटच आहे. आणि काम अजून संपलेलं अजिबात नाही. मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये शंभर अब्जांच्या वर पेशी असतात, त्यातल्या दहा टक्के जरी बनवायच्या म्हटल्या तरी आणायच्या कुठून? शरीरात मस्त वाढणारी ही पेशी डिशमध्ये वाढायलाच तयार नसते. भाटियांच्या लॅबने 12,500 केमिकल्स एकामागून एक तिच्यावर टाकून बघितली आणि 2013 मध्ये त्यातली मोजकीच सापडली ज्यांनी ती वाढायला लागली. आता तेवढ्यावरून अब्जांपर्यंत कसं जायचं, यात सगळे अडकलेत.