आद्य ख्रिस्ती मंडळीतील सेवापदे

ख्रिस्ती मंडळ्यांचा (स्थानिक चर्चचा) कारभार सुरुवातीच्या शतकांत पाहणाऱ्यांची पदे. मराठी बायबलात त्यांना अध्यक्ष, वडील आणि सेवक म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द एपिस्कोपोस (देखरेख करणारा), प्रेस्बिटेरोस (वयाने मोठा) आणि दिआकोनोस (पानावर वाढणारा, निरोप पोचवणारा). तिन्ही शब्द रोजच्या बोलण्यातले. मानाची बिरुदे ती पुढे झाली. एपिस्कोपोसवरून ‘बिशप’ आणि दिआकोनोसवरून ‘डीकन’ हे शब्द निघाले.

आरंभी उतरंड नव्हती. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात प्रेषित पौल इफिस शहरातल्या मंडळीच्या वडिलांना बोलावतो आणि त्यांनाच अध्यक्ष म्हणतो. प्रेषित, संदेष्टे आणि शिक्षक गावोगाव फिरत. ‘दिदाखे’ या प्राचीन नियमग्रंथानुसार फिरत्या प्रेषिताने एक दिवस, अडचण असेल तर दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवला नाही किंवा पैसे मागितले, तर तो खोटा. याच ग्रंथात मंडळीने आपले अध्यक्ष आणि सेवक स्वतः निवडावेत, असेही सांगितले आहे.

इ.स. 110 च्या सुमारास सीरियातल्या अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस आपल्या पत्रांत एकच बिशप, त्याच्याभोवती वडील आणि हाताशी डीकन, अशी रचना आग्रहाने मांडतो. त्याच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र तिथल्या बिशपचा उल्लेखही नाही. म्हणजे ही रचना सगळीकडे एकदम रुजली नसावी.

स्त्रियाही या सेवेत होत्या. पौलाने फीबीला किंख्रियाच्या मंडळीची दिआकोनोस म्हटले आहे. इ.स. 112 च्या सुमारास बिथिनिया (आजच्या तुर्कस्तानातला भाग) या प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी याने ‘सेविका’ म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ करून जबानी घेतली. त्यांची नावे त्याने लिहिली नाहीत, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

तिसऱ्या शतकात मोठ्या शहरांतली पदे वाढली. इ.स. 251 च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस आपल्या मंडळीची मोजदाद देतो : 46 वडील, 7 डीकन, 7 उपडीकन, 42 मदतनीस, भूतबाधा उतरवणारे, वाचक (उपासनेत धर्मग्रंथ वाचून दाखवणारे) आणि दारवान मिळून 52, शिवाय मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या 1500 हून अधिक विधवा आणि गरजू. पदांच्या यादीतच त्यांचीही गणना आहे, आणि या पदांचे मर्म मला तिथेच दिसते.

इ.स. 303 मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू असताना उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावी रोमी अधिकाऱ्यांनी मंडळीच्या घराची झडती घेतली. धर्मग्रंथ वाचकांच्या घरी होते. त्या वाचकांची नावे सांगायला दोन उपडीकनांनी नकार दिला. जप्तीच्या यादीत सोन्याचे 2 आणि चांदीचे 6 चषक आहेत, आणि बहुधा गरिबांना वाटण्यासाठी ठेवलेले बायकांचे 82 अंगरखे आणि वहाणांचे 47 जोड.