पोहे, वार आणि दोन तासांनंतरची साखर

इंदुरात सकाळ उगवते ती पोह्यांच्या वाफेत. वर शेव, कांदा, जिरावण मसाला आणि शेजारी गरम जलेबी. आमच्या रामबागेतल्या घरीही रविवारी हाच बेत असतो. गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात दवाखान्यात मला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला दिलं, दोन तासांनी रक्त घेतलं आणि आकडा आला १५८. तो १४०च्या आत हवा होता. रिक्षातून घरी येताना माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता: गेल्या महिन्यात जलेब्या किती खाल्ल्या?

तो हिशोबच चुकीचा होता. हे आधी सांगते, कारण गरोदरपणात शुगर निघाली की बाई पहिला दोष स्वतःला देते आणि घरातलेही तिच्या ताटाकडे बघू लागतात.

खरं कारण असतं वारेत. वार बाळाला आईशी जोडते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण ती हार्मोन तयार करणारी मोठी ग्रंथीही आहे, हे कुणी सांगत नाही. इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत पोचवतं. वारेची हार्मोन्स आईच्या स्नायूंना या इन्सुलिनकडे थोडं दुर्लक्ष करायला लावतात, म्हणजे जेवणानंतर साखर रक्तात जरा जास्त वेळ राहते आणि बाळाला पोचते. शेवटच्या महिन्यांत आईच्या शरीरावरचा इन्सुलिनचा प्रभाव जवळजवळ निम्म्यावर येतो. तोल राखायला स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट इन्सुलिन बनवावं लागतं. बहुतेकींचं स्वादुपिंड हे पेलतं, काहींचं थोडं मागे पडतं. घरात मधुमेह असेल, वजन किंवा वय जास्त असेल तर ही शक्यता वाढते, आणि भारतीय बायकांमध्ये ती मुळातच जास्त आहे. वार २४ ते २८ आठवड्यांच्या सुमाराला जोर धरते, म्हणून चाचणी तेव्हा करतात. आपल्याकडे ती पहिल्या भेटीतही करायला सांगतात. उपाशीपोटी यायची अट नसलेली ही एका रक्तनमुन्याची पद्धत भारतात रुजवण्यात चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांचा मोठा वाटा आहे. दूरच्या खेड्यातून सकाळी निघून दुपारी दवाखान्यात पोचणाऱ्या बाईसाठी ही केवढी सोय आहे!

साखर वार ओलांडते, इन्सुलिन ओलांडत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे. आईची जादा साखर बाळाकडे जाते आणि ती जिरवायला बाळाचं इवलंसं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन वाढवतं. इन्सुलिन वाढ घडवणारं असल्यामुळे बाळ अंगानं जाड होतं, बाळंतपण अवघड होऊ शकतं. जन्मल्यावर नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, पण बाळाचं वाढलेलं इन्सुलिन तसंच असतं, म्हणून त्याची साखर एकदम खाली येऊ शकते. ही साखळी डेन्मार्कच्या यॉर्गन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडली. २००८ साली नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आईची साखर जसजशी वर, तसतशी मोठ्या बाळाची शक्यताही वर, असा सलग चढ दिसला. म्हणून दहा अंकांनी कमी झालेली साखरही वाया जात नाही.

आता ताटाकडे. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "बेटा, दोन जिवांची आहेस, पोटभर खा." शेजारच्या काकूंनी बजावलं, "भात-पोळी बंदच कर." दोघींनी मायेनंच सांगितलं, पण काकूंचा सल्ला जास्त धोक्याचा. गर्भवतीचं शरीर उपाशी राहिलं की लवकर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ वाढतात. म्हणून दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असं सांगितलं जातं. ती कोणत्या वेळी, कशाबरोबर आणि एका वेळी किती, यात सगळं पथ्य आहे: तीन मध्यम जेवणं, दोन-तीन छोटी खाणी.

चतुर्थीला उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी खाणं हा माझा मोठा गैरसमज होता. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि स्टार्च पचला की त्याची साखरच होते. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री मिळणारी खिचडी मला आजही प्रिय आहे, पण त्या तीन महिन्यांत मी तिच्या वाटेला गेले नाही.

पोह्यांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. पोहे तयार होताना साळ (टरफलासकटचा तांदूळ) भिजवून, भाजून, चेपलेली असते, म्हणून त्यातला स्टार्च पटकन पचतो. त्यातही गरोदरपणात सकाळी शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देतं. मी ग्लुकोमीटर घेऊन बसले. भरली प्लेट आणि साखरेचा चहा घेतल्यावर दोन तासांनी १४६. हवी होती १२०च्या आत. मग पोहे अर्धे केले, त्यात शेंगदाणे आणि मटार वाढवले, आधी वाटीभर मोडाच्या मुगाची उसळ खाल्ली आणि चहा बिनसाखरेचा. आकडा ११७. तेच पोहे संध्याकाळी खाल्ले तर आणखी थोडा कमी.

उसळ आधी का? प्रथिनं आणि चोथा पोटात आधी गेले की जठर सावकाश रिकामं होतं आणि मागून आलेला स्टार्च हळूहळू रक्तात उतरतो. मालव्यातली जुनी ज्वारीची भाकरी, भाजी आणि ताक यांत हे आपोआप जमून येतं. दाल-बाफल्यात मात्र तूप आणि गव्हाचे गोळेच जास्त, म्हणून एकच बाफला आणि दोन वाट्या डाळ. रस काढून पिण्यापेक्षा अख्खं फळ बरं, आणि तेही जेवणाला लागून नको.

चालण्याचं तर मला फार कौतुक वाटतं. चालताना आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता आत ओढतो, त्याचं दार वेगळंच आहे. वारेनं एक दार अडवलं तरी हे उघडं असतं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गल्लीत शांतपणे चाललं तरी फरक दिसतो, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर.

एवढं करूनही उपाशीपोटीची साखर ९५च्या खाली येत नसेल, तर मन खट्टू करू नये. ती रात्रभर यकृत ठरवतं, ताटाचा तिच्यावर फारसा जोर चालत नाही. साधारण ७० ते ८५ टक्के बायकांना आहार आणि चालणं पुरतं, बाकीच्यांना औषध किंवा इन्सुलिन लागतं. इन्सुलिन वार ओलांडत नाही, त्यामुळे टोचलेलं इन्सुलिन बाळाकडे जात नाही. माझ्या नणंदेला ते लागलं होतं आणि ती महिनाभर कुणाशी बोलली नव्हती. तिला हे कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. सासूबाईंनी मुगाचे धिरडे, भरली वांगी आणि काकडीची कोशिंबीर केली, श्रीखंड माझ्यासाठी दोन चमचे. ओटीतलं नारळ-फळ तेवढं नेहमीसारखं.

बाळंतपणानंतर वार बाहेर पडली की साखर बहुधा लगेच उतरते. पण या बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा सात ते दहा पट असते, आणि अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, पाहुणे या गडबडीत नेमकी सहा आठवड्यांनंतरची चाचणी राहून जाते. अंगावर पाजण्यानं हा धोका कमी व्हायला मदत होते. मी लेकीला कुशीत घेऊन गेले, पुन्हा तेच गोडमिट्ट पाणी प्यायले आणि दोन तास दवाखान्याच्या बाकावर तिला पाजत बसले. आकडा आला १०९. सासूबाईंनी घरी येताच लाडवांचा डबा काढला, एक लाडू अर्धा केला आणि पुढच्या वर्षीच्या तपासणीची तारीख देवघराशेजारच्या पंचांगात लिहून ठेवली.