‘शक्यतो’पासून ‘बंधनकारक’पर्यंत: संपर्कसाधनांच्या सुगम्यतेचा कायदा

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्यांना बोटे नाहीत किंवा ज्यांची बुबुळे यंत्राला टिपता येत नाहीत, त्यांच्यासाठी नोंदणीत अपवादाची सोय होती. परंतु त्या क्रमांकाच्या आधारे पुढे बँक, सिमकार्ड आणि पेन्शन यांची जी साखळी तयार झाली, तिच्या प्रत्येक कडीपर्यंत हा अपवाद पोहोचला नाही. टेंभलीनंतर नऊच दिवसांनी, ८ ऑक्टोबर २०१० रोजी, अमेरिकेत एकविसाव्या शतकातील संपर्क व चित्रफीत सुगम्यता कायद्यावर तिथल्या अध्यक्षांची स्वाक्षरी झाली. सुगम्यता म्हणजे अपंग व्यक्तीलाही एखादी गोष्ट वापरता येणे. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरीही खानदेशातून या विषयाकडे पाहताना हा योगायोग नजरेआड करवत नाही.

अमेरिकेतील त्या कायद्यामागे मोठा इतिहास होता. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे मूकबधिरांचे शिक्षक. त्यांची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नसे. त्यांनी १८७६ मध्ये पेटंट घेतलेला टेलिफोन मात्र बधिर व्यक्तींच्या उपयोगाचा नव्हता, आणि ही उणीव भरून निघण्यास १९६४ साल उजाडावे लागले, जेव्हा रॉबर्ट वाइटब्रेख्ट या स्वतः बधिर असलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टंकलिखित मजकूर धाडण्याची युक्ती शोधली. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने टंकयंत्रावरचा बधिर ग्राहक आणि साधा फोनधारक यांच्यामध्ये निरोप्या बसवण्याची जबाबदारी दूरध्वनी कंपन्यांवर टाकली. २०१० च्या कायद्याने हे तत्त्व ई-मेल, मजकूर संदेश आणि इंटरनेटवरील संभाषणापर्यंत नेले. ‘साध्य असेल तर’ ही पळवाट त्यातही आहे. मात्र आपण कोणते प्रयत्न केले याची नोंद कंपनीला ठेवावी लागते, आणि माझ्या मते त्या कायद्याचा खरा दात तोच.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला आणि पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने अपंग व्यक्तींसाठी समान संधीचा कायदा संमत केला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. त्यात रस्ते, इमारती आणि वाहतूक यांचा विचार होता, तोही ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. फोनचा किंवा संगणकाचा विचार नव्हता. पुढे भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराला मान्यता दिली. त्याचे नववे कलम माहिती व संपर्क तंत्रज्ञानाची सुगम्यता रस्त्या-इमारतींच्या बरोबरीने मोजते. २०१३ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक साधनांच्या सुगम्यतेचे धोरण जाहीर केले. धोरण म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे त्याच्या आधारे कोणालाही जाब विचारता येत नव्हता.

मराठी वाचकाच्या वाट्याला यात एक वेगळीच अडचण आली. अंध व्यक्तीच्या संगणकावरील वाचक-सॉफ्टवेअर अक्षरे पाहत नाही, त्यांच्यामागचे संकेतांक वाचते. कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये टंकलेला ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्याला मराठी दिसतो, परंतु त्याच्या पोटात रोमन अक्षरेच असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या तोंडून त्याची सुरुवातच ‘ई, जी, के, जे, के’ अशी ऐकू येते. परिपत्रक स्कॅन करून चढवलेले असेल, तर तेवढेही कानी पडत नाही. धुळ्यातल्या एका ई-सेवा केंद्रात मी पाहिले आहे: अंध अर्जदार फोनच्या पडद्यावर बोट सरकवत होता आणि फोन नुसते ‘बटण, बटण, बटण’ म्हणत होता, कारण त्या बटणांना नावे देण्याचे कोणाच्या मनातच आले नव्हते. घरी अहिराणी बोलणाऱ्या माणसाला फोनचा आवाज तर प्रमाण मराठीच ऐकवतो, ही गोष्ट आणखी निराळी.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने मान्यताप्राप्त अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ केली. त्याचे ४२ वे कलम छापील, ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य करण्यास सांगते, तर ४६ वे कलम खासगी सेवादात्यांनाही त्यात ओढते. कायद्याची भाषा निःसंदिग्ध होती. गडबड २०१७ च्या नियमांत झाली. पंधराव्या नियमाने मार्गदर्शक सूचनांचे हवाले दिले, आणि बहुतांश सूचनांचा सूर ‘करावे’, ‘शक्यतो असावे’ असा शिफारशीचा होता. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी सार्वजनिक ठिकाणांच्या सुगम्यतेसाठी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच हेरले: मूळ कायदा सक्तीचा असताना त्याखालचा नियम ऐच्छिक असू शकत नाही, म्हणून तो कायद्याशी विसंगत ठरवून किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत तयार करण्यास सांगितले.

पुढचा निकाल ३० एप्रिल २०२५ चा. ई-केवायसी म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवणे. ती करताना, समोरचा माणूस जिवंत आहे याची खातरजमा म्हणून फोन पापणी मिटण्यास सांगतो. ॲसिडहल्ल्यात चेहऱ्याला आणि डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून यांना ते शक्य नव्हते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. पापणीला पर्याय द्यावा, यंत्राने नाकारलेला अर्ज माणसाने पुन्हा तपासावा आणि कागदावरची केवायसी चालू ठेवावी, हे त्यांतले आहेत. कागदी केवायसीसाठी शाखेत जावे लागते, आणि धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून शाखा गाठायची म्हणजे सातपुड्याचा घाट उतरून जाण्यात अख्खा दिवस मोडतो.