शरणागती (द्वंद्वक्रीडा)

सांध्याची पकड किंवा गळ्याचा आवळ सुटत नाही असे दिसताच हात थोपटून अथवा तोंडाने सांगून हार स्वीकारणे, याला द्वंद्वक्रीडेत शरणागती म्हणतात. ज्यूडो, ब्राझिलियन जिउ-जित्सू आणि मिश्र युद्धकला या प्रकारांत ती नियमाने मान्य आहे. कुस्तीत दोन्ही खांदे टेकून पैलवान चीत झाला की निकाल लागतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

वडोदऱ्याला मात्र याहून कठोर परंपरा ठाऊक होती. खंडेराव गायकवाडांच्या दरबारात मुठीत शिंगाची नखे बांधून होणाऱ्या रक्तबंबाळ लढतींचे वर्णन फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने केले आहे. राजासमोर आणि बक्षिसाच्या आशेने लढणाऱ्याला माघार घेणे किती अवघड जात असेल, हे उघड आहे. पुढे याच शहरात वस्ताद जुम्मादादांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव व्यायामशिक्षक म्हणून जितके नावाजले, तितकेच हाडवैद्य म्हणूनही.

व्यावसायिक लढवय्याने दुखापत पत्करावी का, याचे उत्तर पकडीवर अवलंबून आहे. गळ्याच्या आवळाने काही सेकंदांत शुद्ध हरपते, पण पंचाने तत्काळ सोडवल्यास खेळाडू बहुधा लवकर सावरतो. टाचेला पीळ देणारी पकड याहून फसवी असते, कारण पुरेशी वेदना जाणवण्याआधीच गुडघ्याचे स्नायुबंध तुटू शकतात. तिथे ‘दुखेपर्यंत थांबू’ हा हिशेब चुकतो आणि उशिरापर्यंत दाखवलेल्या धैर्याची किंमत शस्त्रक्रियेने व महिनोन्महिने बुडालेल्या कमाईने चुकवावी लागते. तरीही थांबण्याचा मोह निव्वळ अहंकाराचा नसतो, कारण अनेक करारांत मानधनाचा मोठा भाग विजयाशी बांधलेला असतो.

२३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओ दि जानेरोच्या माराकाना मैदानावर जपानी ज्यूडोपटू मासाहिको किमुराच्या पकडीत हात मोडूनही ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या हेलिओ ग्रेसीने हार मानली नाही. अखेर हार मान्य असल्याची खूण म्हणून त्याच्या बाजूने टॉवेल फेकला गेला. ही पकड आज किमुरा नावानेच ओळखली जाते, आणि हरलेल्या ग्रेसीचा लौकिकही वाढला. अशा लौकिकामुळेच नवोदित चुकीचा धडा घेतात. म्हणून हा निर्णय एकट्या लढवय्यावर सोडणे योग्य नाही. २००४ मध्ये टिम सिल्व्हियाची फ्रँक मीरविरुद्धची मिश्र युद्धकलेची लढत पंच हर्ब डीनने थांबवली, तेव्हा सिल्व्हिया आपण ठीक असल्याचे सांगून विरोध करत होता. त्याच्या हाताचे हाड मोडलेले होते.